ज्याची फाईल त्याची रीत

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१९ एप्रिल २०२६, रविवार

रूपालीबाईस आजीचा जय भीम. हे पत्र उभ्या उभ्या वाचू नको, बस आधी. पाणी पी. मग वाच.

सगळ्यात आधी कडुबाच आला. काल शनिवारी मी केस विंचरते तवर हा माझा भाऊ देवगाव रंगारीहून येऊन दारात हजर. दोन्ही काखेत एकेक कलिंगड आन् गळ्यात पिशवी. कडी वाजवायला हात मोकळा नाय, म्हणून दाराला लाथ मारली. मी म्हणलं, कोण मेलं दार तोडतंय? बघते तर हा. आल्या आल्या म्हणतो, "आक्का, नळाला पाणी आलंय का आज?" मी म्हणलं, अरे, बहिणीची तब्येत तरी विचार. तर म्हणतो, "तब्येत दिसतीच की, टणटणीत हाये. पाणी दिसंना."

आलं होतं पाणी. आपल्या गल्लीचं तुला ठाऊक हाये, आलं की आठवड्याचं भरून घ्यायचं. पिंप भरलं, बादल्या भरल्या, घमेलं भरलं, कुकर पण भरून ठेवला. तुझे मम्मी-पप्पा आदल्या दिवशीच लासूर स्टेशनला लग्नाला गेले, त्यामुळं घरात मी एकटी आन् राज्य माझं. जयंतीच्या निळ्या पताका गल्लीत अजून तशाच हायेत. ह्या वर्षी आपल्या गल्लीचा देखावा लई भारी झाला होता, पण ते राहू दे, त्याचं लिहीत बसले तर कागद पुरायचा नाय.

कडुबाला चहा दिला, तेवढ्यात स्कुटी वाजली. पुढं लुबना, मागं तुमचा तो उंच प्रणय, लॅपटॉपची पिशवी लेकरू धरल्यासारखी पोटाशी धरलेली. वाळूजच्या ऑफिसात तुझ्यासंगं काम करणारे ते दोघं. तू पुण्याला गेल्यापासून इकडं फिरकले नव्हते. लुबनानं स्कुटी लावली आन् दारातच थांबली, चप्पल काढू का नको अशी. मी म्हणलं, ये की आत, काय नवी नवरी हायेस? तशी पळत आली आन् माझ्या गळ्यात पडली. "आजी, गुस्सा नाय ना?" मी म्हणलं, बाई, दातओठ खायला दात तरी कुठं राहिलेत मला.

समोरच्या ताहेरानं लगेच खिडकीतून विचारलं, "मालनबाई, रिश्ता आया क्या?"

मी म्हणलं, रिश्ता नाय गं, मोटारीचं खोकं आलंय.

आता त्या खोक्याचं लिहावं लागंल. तुला वाचायचं नसलं तर पुढच्या दोन-चार ओळी सोडून दे, मी रागवणार नाय. कडुबाच्या पिशवीत तुमचं खोकं होतं. तुम्ही तिघांनी बनवलेलं. विहिरीत पाणी असलं तर मोटार चालू द्यायची, पाणी संपलं की आपोआप बंद करायची. पहिलं खोकं तू हौसेनं तुझ्या कडुबा आज्याच्या विहिरीवर बसवलंस. गेल्या मे महिन्यात विहीर तळाला गेली, खोक्यानं मोटार बंद केली नाय, ती कोरडीच फिरत राहिली आन् जळाली. झालं. संपल्या ओळी.

मग तू पुण्याला गेलीस. मोठ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून.

कडुबा म्हणत होता, "मोटार तर मी पंधरवड्यात भरून आणली." भरून म्हंजी आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून. "ती छान फिरतीय. मोटार रुसली नाय, मग ही पोरगी कामून रुसली?" वर्षभर खोकं त्याच्या कोठीत पडून होतं. मागल्या आठवड्यात त्यानं खोक्यावर छापलेल्या नंबरला फोन लावला, तो लुबनानं उचलला. म्हणतो, "म्या तिला म्हणलं, हे चालू करून द्या, नायतर ह्याच्यात कोंबडी बसवतो." लुबना म्हणली, "आजोबा, तुम्ही शहरात या, रूपालीच्या घरी बसू." असं ठरून आले होते तिघंही. मला कोणी काय सांगितलं नव्हतं. लई बरं वाटलं गं. घरात माणसं आली, की मला पाय दुखत्यात का नाय ते कळतच नाय.

कडुबा कलिंगड कापत होता. प्रणयनं खाटेवर लॅपटॉप उघडला, खोक्याला वायर लावली आन् तुझी फाईल काढली. पाच मिनिटं पण झाली नाय तर त्या दोघांचं सुरू झालं. काय ते भांडण! मला वाटलं जमिनीच्या बांधावरून चाललंय.

मी म्हणलं, थांबा, मला समजू द्या, मग भांडा. लुबना माझ्याशेजारी बसली आन् समजावलं. "आजी, ह्या प्रोग्राममधी एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर पत्ता. त्या पत्त्यावर गेलं की तिथं पाणी मोजणारा भेटतो, त्याला विचारायचं पाणी किती. पण कधी कधी चिठ्ठी कोरीच राहते. कोऱ्याला आम्ही नल म्हणतो. म्हणून निघायच्या आधी चिठ्ठी कोरी तर नाय ना, बघून घ्यायचं."

मी म्हणलं, एवढं तर रिक्षावाला पण बघतो.

"बघायचं कसं, त्याचंच भांडण हाये," प्रणय म्हणला.

तर तुझी रीत अशी. आधी चिठ्ठीचं नाव, मग बरोबरची खूण दोनदा = = अशी, मग कोरी. 'चिठ्ठी कोरी हाये का?' सरळ, माणूस बोलतो तसं. लुबनाची रीत उलटी. आधी कोरी, मग खुणा, मग नाव. 'कोरी हाये का चिठ्ठी?' मी म्हणलं, ह्यात फरक काय?

"आजी, बरोबरची खूण दोनदा काढली तर ते विचारणं झालं. चुकून एकदाच काढली, तर ते सांगणं. चिठ्ठी कोरी हाये का असं विचारायला गेलं आन् एक खूण सुटली, तर कॉम्प्युटर विचारतच नाय, चिठ्ठी पुसून टाकतो आन् तशीच कोरी घेऊन निघतो."

माझ्या अंगावर काटा आला बघ. विचारायला जायचं आन् पुसून यायचं.

"आन् माझ्यासारखं उलटं लिहिलं," लुबना म्हणली, "आन् खूण सुटली, तर कॉम्प्युटर तिथंच ओरडतो. कोऱ्यात काय ठेवता येत नाय म्हणतो. पुढं जातच नाय."

प्रणयनं कपाळाला हात लावला. "पण ते वाचायला किती वाकडं! आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही 'भाजी तिखट हाये का' म्हणता, का 'तिखट हाये का भाजी' म्हणता?"

मी म्हणलं, मी तर दोन्ही म्हणते.

लुबना अशी हसली! माझ्या हातावर टाळी दिली तिनं. प्रणयचं तोंड बघायला पाहिजे होतंस.

त्याची रीत आणिक तिसरीच. तो बरोबरची खूणच काढत नाय. नावाच्या आधी एक उभी काडी, काडीखाली टिंब, झालं. म्हणतो, "जिथं खूणच नाय तिथं ती सुटंल कशी?"

"हौ, पण ती काडी दिसते कुणाला?" लुबना म्हणली. "चष्म्यावर मच्छर बैठा, बस तेवढी."

"आन् तुझं म्हंजी हेल्मेट घालून झोपायचं."

"हेल्मेट घातलं म्हणून तर माझ्या मागं बसून जिता आलास इथपर्यंत."

कडुबानं दोघांच्या हातात कलिंगडाच्या फोडी दिल्या. "काडी घाला, नायतर कांडकं घाला," म्हणतो, "माझी मोटार बंद पडली पाहिजे. तोंडं बंद करा आन् खा."

मी लई हसले. हसता हसता माझी नजर खाटेच्या त्या कोपऱ्याकडं गेली. तू पाय वर घेऊन बसायचीस तिथं. ऑफिसात पण तुमचं तिघांचं असंच चालायचं म्हणे, चहा गार होईस्तोवर. लुबना सांगत होती, रूपाली एकदा टेबलावर हात आपटून म्हणली होती, प्रोग्राम कॉम्प्युटर काय कसाही वाचतो, पण पुढं माणसाला वाचायचाय, तो बोलल्यासारखाच असला पाहिजे. ते ऐकून माझीच मान ताठ झाली. तू पाचवीत असताना पण असंच भांडायचीस मास्तराशी.

मग प्रणयनं खायचं थांबवलं. फोड तशीच हातात. लुबनानं त्याला डोळ्यानं खुणावलं, नको म्हणून. पण तो बोललाच.

"आजी, त्या ओळीत एक खूण सुटली होती. ओळ रूपालीची होती."

मी खाटेवरच्या बिया वेचायला लागले.

"पण आमच्यात एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं आन् मंजूर करायचं, असं असतं. दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ओळ खोक्यात जात नाय. त्या ओळीची मंजुरी माझी हाये. मी वाचलीच नव्हती. रूपालीनं लिहिलंय म्हणल्यावर त्यात काय बघायचं, असं वाटलं मला." मग म्हणतो, "कॉम्प्युटर पण बोलला होता. इथं गडबड वाटते म्हणला होता. पण जुन्या फायलींवर तो इतका बडबड करायचा की आम्ही त्याचं ऐकायचंच सोडलं होतं."

मी म्हणलं, माझ्यासारखंच की. घरात माझं पण असंच हाये. नव्वद गोष्टी फुकटच्या बोलते, मग एक खरी बोलले तरी कोणी मान वर करीत नाय.

कडुबा हा सगळा वेळ विचार करत होता. बी थुंकून म्हणला, "पण पोरांनो, माझ्या विहिरीवर आणायच्या आधी तुम्ही चालवून तर बघितलं असंल?"

"रोज बघायचो. बादलीत."

"मग बादलीतलं पाणी संपल्यावर काय झालं?"

मग लुबना हळू म्हणली, "बादली रिकामी केलीच नाय, आजोबा."

आता नीट ऐक रूपाली, कारण मला वाटतं हे तुलाही आठवत नसंल. पाणी मोजणारा तो डबा तुम्ही बादलीच्या तळाला एम-सीलनं पक्का बसवला होता. पहिल्या दिवशी कोरड्या बादलीत बघितलं, खोक्यानं बरोबर बंद केलं. मग बादली भरली. आन् मग ती भरलेलीच राहिली. ऑफिसात पाणी टँकरचं. भरलेली बादली मोरीत ओतायला कोणाचाच हात उचलला नाय. तुझी ती ओळ नंतरची. चिठ्ठी पुसली गेल्यावर खोकं भलत्याच जागी गेलं, तिथं जो काय मोठा आकडा पडलेला होता तोच पाणी समजलं, आन् पाणी लई हाये, लई हाये म्हणत राहिलं. बादली तर भरलेली होतीच. कोणाला कळायचा मार्गच नव्हता.

कडुबाला आधी कळलंच नाय. कळलं तसा असा हसला, असा हसला, की कलिंगडाची बी उलट्या नळीत गेली, मला पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. डोळे पुसत म्हणतो, "आरं तिच्या! म्हंजी माझी मोटार तुमच्या शहराच्या तहानेनं जाळली म्हणा की!"

ताहेरा एव्हाना खिडकी सोडून दारात येऊन बसली होती. ती म्हणली, "किसकी हिम्मत है यहां भरी बाल्टी उंडेलने की? मेरे मियां ने एक बार उंडेली थी, आठ दिन बात नहीं की मैंने."

माझंच बघ की. मी असते तुमच्या ऑफिसात तर मी पण ओतू दिली नसती.

मग ठरलं, इथंच बघायचं. मोटारीच्या जागी प्रणयनं दिवा लावला. आपली पिवळी बादली मधोमध ठेवली, तिच्यात कडुबाच्या पिशवीतला, विहिरीवरचा डबा सोडला. पाणी हाये तवर दिवा चालू. आता बादली ओतायची. पण ओतायची कुठं, हाच घोळ. मघाशी सांगितलं ना, घरातलं भांडं न् भांडं भरलेलं. मी म्हणलं, नालीत एक थेंब जाणार नाय, सांगून ठेवते. दोघं इंजिनेर बादली धरून घरभर फिरतायत आन् जागा सापडंना! शेवटी ताहेरा म्हणली, "मेरे कूलर में डालो." पहिली बादली ताहेराच्या कूलरमधी गेली. दिवा विझला! ती लुबनाच्या रीतीची होती. लुबनानं उडीच मारली.

मग प्रणय म्हणला, माझी पण बघायची. पुन्हा पिंपातून बादली भरली, त्यानं ती काडी घातली, आन् बादली गच्चीवरच्या कुंड्यांना गेली. तुझ्या मम्मीच्या मोगऱ्याला एवढं पाणी जन्मात मिळालं नसंल. दिवा विझला.

मी म्हणलं, आता रूपालीची. लुबनानं गपचूप लिहिलं. सरळ, आन् खुणा दोन. तिसरी बादली कुठं ओतावी तर कडुबा उठला, अंगणात जाऊन उकिडवा बसला आन् म्हणतो, "घाला माझ्या अंगावर. सकाळपासून घामानं भिजलोय." सदऱ्यासकट आंघोळ केली बघ त्यानं. डोळ्यात पाणी गेलेलं, आन् तिथूनच ओरडतोय, "इझला का?"

इझला. तुझ्या रीतीनं पण इझला.

तिघांचंही बरोबर निघालं म्हणल्यावर भांडण मिटायला पाहिजे होतं. मिटलं नाय. प्रणय म्हणला, तिघांचं चालतं, पण एका घरात तीन चुली नको, एकच रीत ठरवू. ऑफिसातल्या साहेबांनी पण तेच सांगितलंय म्हणे, नियम लिहून भिंतीवर लावा. मला वाटलं, आता लुबना आपलीच रीत रेटणार. वर्षभर प्रणयचं डोकं खाल्लंय तिनं, उलटं लिहा, उलटं लिहा म्हणून. मोटार जळाल्यावर तर तिचंच खरं झालं होतं.

ती लॅपटॉपपाशी बसली, थोडा वेळ टकटक केली आन् प्रणयकडं फिरवला. तो वाचतच राहिला. "अगं, तू सगळीकडं रूपालीचंच ठेवलंस?"

"ही फाईल रूपालीची हाये," लुबना म्हणली. "ज्याची फाईल त्याची रीत. असा नियम लिही. घरचं माणूस बाहेर गेलं म्हणून त्याच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या हिशोबानं लावायचे नसतात. वो आयेगी तो उसको मिलना चाहिए ना सब, जहां रखा था वहां." मग नाक पुसून म्हणली, "आन् माझ्या फायलीत मी उलटंच लिहिणार. तिथं तुझी काडी दिसली तर हात तोडीन."

प्रणय मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत गेला, तोंडानं मोठ्यानं, 'कोरी हाये का, खूण एक, खूण दोन'. लेकरं पाढे म्हणतात तसा. कडुबा ओल्या कपड्यात शेजारी उभा राहून मान हलवत होता, जसं काय त्याला समजतंय. सगळं वाचून झाल्यावरच मंजुरी दिली. लई वेळ लागला. चहा दोनदा केला मी.

मग लुबनानं मला बोलावलं आन् माझं बोट धरून फायलीच्या अगदी वरच्या ओळीवर ठेवलं. मला इंग्रजी येत नाय. म्हणली, "आजी, हे रूपालीचं नाव. ही फाईल तिनं लिहिली, असं लिहिलंय. ते कोणी काढलं नाय."

मी बोट काढलं नाय बराच वेळ. कॉम्प्युटर गरम होता.

आता जे लिहायचं ते लिहिते. एवढा वेळ टाळत होते.

लुबना कप धुवायला माझ्या मागं मोरीत आली. तिथं तिनं सांगितलं. तू पुण्याला प्रोग्राम लिहीत नाहीस. कुठल्या तरी कंपनीत कानाला फोन लावून लोकांच्या तक्रारी घेतेस. तिलाही ते तिसऱ्याच कोणाकडून कळलं, तू तर तिचा फोन उचलत नाहीस. ती रडली. मी नाय रडले, माझे हात राखेनं भरलेले होते.

काम कुठलंच हलकं नसतं, ते मी तुला शिकवायला नको. मी जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबले, मान खाली घातली नाय. लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं तर लई पुण्याचं काम, मला नसतं जमलं. पण तू मला 'मोठी नोकरी' म्हणलीस, आन् मी गल्लीभर सांगत फिरले, त्याचं पण मला काय नाय. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. तू दिवाळीला आली नाहीस, जयंतीला आली नाहीस, तेव्हा मला वाटलं काम असंल. काम नव्हतं. तू कडुबा आज्याच्या समोर यायला नको म्हणून येत नव्हतीस. आन् तो बिचारा इथं बादली अंगावर घेत होता.

मी तुला रोज फोनवर विचारते, कशी हायेस, काम कसं चाललंय. तू म्हणतेस, "मस्त आजी, ठेवते." काल झोपताना मला वाटलं, माझ्याकडून पण रोज एक खूण सुटत असंल. मी विचारायला जाते आन् तुला आणिक कोरं करून ठेवते. म्हणून फोन केला नाय, पत्र लिहिलं. ह्या पत्रात मी तुला एक पण गोष्ट विचारलेली नाय. परत वाचून बघ. बस म्हणले, पाणी पी म्हणले, ते सांगणं झालं. बाकी नुसती हकीकत.

म्हणून पुढचं पण सांगतेच. साहेबांनी तुला बोलावलंय असं लुबना म्हणली नाय, खोटं कशाला लिहू. तुझ्या जागेवर अजून कोणाला घेतलं नाय, एवढंच म्हणली. ती फाईल आता वाढवायची हाये, आणिक खोकी बनवायचीत, आन् ती म्हणली, "नवीन ओळी कशा लिहायच्या ते रूपालीनं सांगावं. मग ती सांगंल ती रीत. काडी पण चालंल." काडी चालंल म्हणली बघ! तू ओळखतेस तिला, ह्याच्याहून जास्त ती म्हणायची नाय.

कडुबाला मी म्हणलं, तुझ्याकडून काय लिहू? त्यानं टोपी पिळली आन् म्हणला, "लिही, विहीर तिथंच हाये." मी म्हणलं, एवढंच? म्हणतो, "आणिक काय? ती शहाणी हाये." मग चार पावलं गेला आन् परत आला. "लिही, मे महिन्यात विहिरीला ओतायची गरज नाय पडत, ती आपली आपण कोरडी पडते. खोक्याची खरी परीक्षा तवाच. मोटार परत जळाली तर परत भरून आणीन, त्यात काय."

खोकं लुबनानं तिच्याकडं ठेवून घेतलं, अजून पाच-दहा दिवस बादली ओतून बघणार हाये. ताहेरानं कूलर देऊ केलाय त्यासाठी. मग सगळे विहिरीवर जाऊन ते बसवणार. मी पण जाणार, मला कोणी नाय म्हणू शकत नाय, माझं माहेर हाये. अबुजर, लुबनाचा भाऊ, त्याची गाडी घेऊन येणार. मी विचारलं गाडीत जागा किती. लुबना म्हणली, चालवणारा धरून पाच. मी बोटं मोजली. अबुजर, लुबना, प्रणय आन् मी. कडुबा तिकडंच भेटंल.

मी लुबनाला काय कबूल केलं नाय. पत्र लिहिते, एवढंच म्हणलं.

डोळे दुखायला लागले आता. तुझ्या खाटेवरची चादर काढून धुतली, ती वाळत घातलीय, उगीच, ऊन चांगलं हाये म्हणून. अंगात ताप असला तर काढा घे. फोन तू करू नको, कर, कसंही.

तुला कोरी नाय, भरलेली बघणारी,
तुझी आजी,
मालन

ते सगळे बुद्धपौर्णिमा झाल्यावरच्या रविवारी, सकाळी उन्हं चढायच्या आत, इथं आपल्या दारात येतो म्हणून गेलेत.